टॅकेट कॉलेज तपासतो

४ मार्च

सैनिकांच्या दवाखान्यातल्या बाईंनी वही लिहायला सांगितली आहे. रोज नाही लिहिलं तरी चालेल म्हणाल्या, पण लिहाल तेव्हा खरं लिहा. आता खरं म्हणजे काय लिहायचं? बर्फ वितळायला लागलंय, रस्त्यावर नुसता राडा आहे. आईने पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या, केल्या आणि त्यातल्या निम्म्या टॅकेटने हाणल्या.

बरं, खरं लिहिते. मी क्रिस्टा सोबचाक. लष्करात ट्रक चालवायचे, आता ओहायोत आईच्या घरी राहते. एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं मनात आहे. माझा पाय मोडला तेव्हा इतके फोटो काढले गेले की त्या यंत्राशी ओळखच झाली, आणि ते चालवणारा माणूस मला रोज एक फालतू विनोद सांगायचा. त्या दिवसांत तेवढंच बरं वाटायचं. लष्करातून आलेल्यांच्या कॉलेजचा खर्च सरकार करतं. मला ती सवलत मिळणार आहे, टॅकेटला मिळणार नाही. हे मला माहीत आहे, त्याला नाही.

६ मार्च

लेलंड टॅकेट केंटकीच्या डोंगरातला. एकाच ट्रकमध्ये होतो आम्ही, मी स्टिअरिंगवर आणि तो माझ्या शेजारी, उजवीकडच्या सीटवर, रस्त्यावर नजर ठेवायला. रस्त्यातच स्फोट झाला. माझं लागलेलं सगळ्यांना दिसलं, हाड बाहेर आलं होतं. त्याचं पाठीत लागलं, ते कोणाला दिसलं नाही. तो "मी ठीक आहे" म्हणाला आणि दुसऱ्या ट्रकवर चढला. मग पाठ दुखायची थांबेना, म्हणून इकडून तिकडून गोळ्या, मग जास्त गोळ्या, मग तपासणीत सापडला. मला शाबासकी देऊन घरी पाठवलं आणि त्याला वाईट शेरा मारून हाकललं. त्या शेऱ्यावर कॉलेज मिळत नाही, दवाखाना मिळत नाही, काही मिळत नाही. सुटकेचे कागद आपण न वाचताच ओढ्यात फेकले असं तोच हसत सांगतो.

आता तो आमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो आणि टायरच्या दुकानात कामाला जातो. वर्ष होऊन गेलं, गोळी घेतलेली नाही. गाडी चालवायचा परवाना गेलाय, त्यामुळे कुठे जायचं तर मीच नेते. त्याला सांभाळणारं दुसरं आहे कोण?

काल जेवताना मी म्हटलं, कॉलेज निवडायला हवं. तो लगेच म्हणाला, "आपण बघू या. कधी निघायचं?"

आपण म्हणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही.

९ मार्च

तशी दोन वर्षांपूर्वी मी इथल्याच एका कॉलेजात नाव घातलं होतं. शिकवणारा माणूस मला आवडला नाही म्हणून सोडून दिलं. त्याचा तास काही मी ऐकला नव्हता, पण पार्किंगमधून त्याला आत जाताना पाहिलं होतं. माणूस चालण्यावरून कळतो.

टॅकेट म्हणतो की ह्या वेळी ट्रक तपासतो तसं कॉलेज तपासायचं. निघण्याआधी आम्ही ट्रकभोवती फिरायचो, खाली वाकून बघायचो, हात लावून बघायचो. "दरवाजावर काय लिहिलंय ते वाचून कोण ट्रक घेऊन निघतं, सोबी?" तो मला सोबी म्हणतो. लष्करात सगळे आडनावानेच हाक मारतात, आणि सोबचाक त्याच्या तोंडात कधी मावलंच नाही.

१५ मार्च

पहिलं कॉलेज बघून आलो. मोठं विद्यापीठ, झेंडा एवढा की त्याखाली ट्रक उभा राहील.

पार्किंगमध्ये मी जरा बसून राहिले, रेडिओवर चांगलं गाणं लागलं होतं. टॅकेट उतरला, इमारतीला वळसा घालून आला, मागच्या बाजूला सिगारेट ओढणाऱ्या पोरांशी गप्पा मारून आला आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. त्याला एकट्याला आत जायला धीर होत नाही हे मला कळलं, म्हणून मी उतरले.

कॉलेज दाखवायला एक मुलगी होती, गोड होती बिचारी. पण ती आमच्याकडे तोंड करून उलटी चालत होती. पायऱ्यांवर, गर्दीत, रस्त्याकडेने, सगळीकडे उलटीच. इथे सगळ्या कॉलेजांत अशीच पद्धत आहे म्हणे. मुलांबरोबर आलेले पालक ग्रंथालयाचे खांब बघत होते आणि आम्ही दोघं तिच्या पाठीमागे काय आहे ते बघत होतो. "पायरी," टॅकेट म्हणायचा. मी म्हणायचे, "डावीकडे सायकल." ती शेवटी म्हणाली, "तुम्ही माझी फार काळजी घेताय." टॅकेट म्हणाला, "बाळा, तुला असं चालायला कोणी सांगितलं त्याला माझ्याकडे पाठव."

मग माजी सैनिकांचं ऑफिस. भिंतीवर पोस्टर, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र, टेबलामागे टाय लावलेला तरुण. टॅकेटने आधी खुर्च्या हलवून बघितल्या, मग प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसायला जागा मिळेल का? कोणी आलं नाही तर फोन कोण करतं? आणि एखादा माणूस येतो, पार्किंगपर्यंत येतो, पण गाडीतून उतरतच नाही, तर काय करता?

मला मान वर करवेना. स्वतःबद्दल असं परक्यासमोर विचारायचं म्हणजे छाती पाहिजे. आणि हे सगळं ज्या जागेसाठी, ती त्याला मिळणारच नाही.

टायवाला म्हणाला, "सगळी माहिती आमच्या वेबसाइटवर आहे." तिसऱ्या प्रश्नाला त्याने एक फोन नंबर दिला, चोवीस तास चालू असतो म्हणे.

टॅकेट बाहेर येऊन म्हणाला, "रंग चांगला दिलाय. इंजिन नाही."

२९ मार्च

आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. शेकडो पोरांना वाढून येते, त्यामुळे घरी बोलताना तिचा आवाज खाली येत नाही. आज भांडी घासता घासता सुरू झाली.

"सांगितलंस का त्याला?"

"हळू बोल ना. वर खोलीत आहे तो."

"महिना होत आला, त्याला कॉलेजच्या नावाने फिरवतेस. नंतर सांगणार, तुला नाही मिळत म्हणून?"

"त्याला आधार वाटतो गं बाहेर पडलं की. मी एकटी गेले तर तो खोलीत बसून राहील. आणि मग परत ते सुरू झालं तर?"

आईने ताट पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "कोण कोणाला फिरवतंय, देव जाणे," म्हणाली. "आणि शुक्रवारचं दूध कोणी आणलं? तू गेली होतीस दुकानात?"

टॅकेट गेला होता. मला त्या मोठ्या दुकानांचा कंटाळा येतो. त्याचा इथे काय संबंध?

१२ एप्रिल

आज लिहायलाच नको वाटतंय.

दुसरं कॉलेज खाजगी, टेकडीवर, लाल विटांचं, प्रार्थनामंदिर असलेलं. सैनिकांसाठी म्हणून सकाळचा नाश्ता ठेवला होता. आम्ही इतक्या लवकर पोचलो की खुर्च्या मांडणाऱ्यांनी आम्हाला मदतीला आलेली माणसं समजून टेबलक्लॉथ दिले. आम्ही पसरले. टॅकेटने कोपरे असे दुमडले की सगळ्या टेबलांवर एकसारखे.

नाश्ता संपता संपता अध्यक्षबाई माइकवर आल्या. म्हणाल्या, ज्यांनी ज्यांनी देशाची सेवा केली, सन्मानाने केली, त्यांनी कृपया उभं राहावं.

सन्मानाने, असं म्हणाल्या. त्यांना काय माहीत? चांगल्या मनानेच बोलल्या. मी बसून राहायचं ठरवलं होतं, पण शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या टोपीवरची लष्कराची पट्टी बघितली आणि कोपराला धरून मला उठवलं. मी उभी राहिले. टॅकेट बसून होता, आणि टाळ्या वाजवत होता. सगळ्यांत जोरात तोच वाजवत होता, माझ्याकडे बघून, हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातांनी मला ट्रकमधून ओढून काढलं तेच हात ते.

परत येताना तो म्हणाला, "तिथे फार आवाज आहे. हॉल घुमतो. नाही चालणार."

"तुला नाही चालणार का?"

"आपल्याला," तो म्हणाला.

२० एप्रिल

खरं लिहायचं आहे ना, मग हेही. काल गाडी धुताना मनात आलं, तो नसता तर किती सोपं झालं असतं. मी एकटी गेले असते, खुर्च्या हलवून न बघता, तसले प्रश्न न विचारता, चारचौघांसारखी. नाव घातलं असतं आणि मोकळी झाले असते. हा विचार आला आणि मी पाण्याचा पाइप टाकून दिला. तेवढ्यात तो आतून आला, पाइप उचलला, उरलेली गाडी त्याने धुतली. आतल्या खुर्च्यासुद्धा पुसल्या.

मी हलकट आहे. दुसरा शब्द सुचत नाही.

३ मे

तिसरं कॉलेज हमरस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या जुन्या बाजारसंकुलात भरतं. जिथे पूर्वी बुटांचं दुकान होतं तिथे आता गणित शिकवतात. आई म्हणाली, हे कसलं कॉलेज? पण एक्स-रेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि यंत्रं चांगली आहेत, मी काचेतून बघितली.

नेहमीप्रमाणे टॅकेट आधी उतरून फिरून आला. आज त्याला बराच वेळ लागला. तोवर मी बातम्या ऐकल्या, हवामान ऐकलं, जाहिरातीही ऐकल्या.

सैनिकांचं ऑफिस म्हणजे एक अरुंद खोली, आधी तिथे चाव्या बनवणारा बसायचा म्हणे. पोस्टर नाही. मार्व्हा गेंट्री नावाची बाई, पन्नाशी ओलांडलेली, काळी, धिप्पाड, नौदलात आचारी होती. आम्ही गेलो तेव्हा ती एका पोराला फोनवर झापत होती. "ताप आलाय तर ताप आलाय म्हण. मला काय, औषध आणून देते. पण फोन उचलत जा." तिने फोन ठेवला आणि आम्हाला बसा म्हणाली. दाराकडे तोंड असलेल्या दोन खुर्च्या होत्या. टॅकेटने त्या हलवून बघितल्या नाहीत.

त्याने पहिला प्रश्न विचारला. ती म्हणाली, जागा मी आधी जाऊन धरून ठेवते. दुसऱ्याचं उत्तर तर आम्ही आताच ऐकलं होतं. मग त्याने तिसरा विचारला. एखादा माणूस गाडीतून उतरतच नसेल तर?

मार्व्हाने पेन उचललं. "गाडी कोणत्या रंगाची?"

मला वाटलं थट्टा करतेय. टॅकेट म्हणाला, "निळी." बिचाऱ्याकडे स्वतःची गाडी नाही, त्याने माझीच सांगितली.

"आणि तू कधी सुटलास?" तिने त्याला विचारलं. "शेरा काय आहे?"

"मी नुसता सोबत आलोय," तो म्हणाला आणि लाजून खाली बघायला लागला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. मी जागच्या जागी विरघळले असते तर बरं झालं असतं.

१० मे

सांगितलं एकदाचं. टायरच्या दुकानामागे, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. तो आडव्या टायरवर बसून सँडविच खात होता.

"टॅकेट, तुला कॉलेज मिळणार नाही. त्या शेऱ्यावर नाही मिळत. मी आधीच सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"माहीत आहे मला. हाकललं तेव्हा वाचूनच दाखवलं होतं. मोठ्याने, दोन साक्षीदारांसमोर."

"मग हे सगळं कशाला केलंस? एवढं फिरलास?"

"तुला कुठलं बरं पडेल ते बघायला नको का?" तो म्हणाला. "लोणचं घेतेस?"

स्वाभिमानी माणूस आहे. माझ्यासाठी केलं असं म्हटलं की स्वतःचं दुःख झाकलं जातं. मला गाडीत येऊन रडू आलं. घरी जाऊन आईला म्हटलं, मी ह्या वर्षी नाव घालत नाही. त्याला असं मागे टाकून मला जाता येणार नाही.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. "क्रिस, तो बाबा रोज सकाळी उठून कामाला जातो, संध्याकाळी येऊन माझा कचरा बाहेर टाकतो आणि तुझ्या गाडीत पेट्रोल आहे का बघतो. तू ख्रिसमसपासून चर्चच्या दारातून आत गेलेली नाहीस. आणि तू त्याला मागे टाकणार?"

चर्चचं काय मध्येच? तिथे पार्किंगला जागा मिळत नाही.

११ मे

टॅकेट नाश्त्याला खाली आला आणि म्हणाला, "सोबी, नाव घाल. नाही घातलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." तो हे हसत म्हणाला नाही. घातलं. मार्व्हाच्या कॉलेजात.

२२ जून

मार्व्हाचा फोन होता. नाव घालताना मी तिला टॅकेटचं सगळं सांगितलं होतं. वाईट शेरा बदलून मागता येतो, पाठीच्या दुखापतीचं कारण दाखवता येतं, फुकट काम करणारे वकील तिच्या ओळखीचे आहेत. पण माणसाने स्वतः यायला हवं, दुसऱ्याने बोलून चालत नाही. मी धावत वर गेले.

"बघू," टॅकेट म्हणाला. "तुझं एकदा सुरू होऊ दे."

"माझं होतंय की सुरू. तू मंगळवारी चल."

"बघू म्हटलं ना, सोबी." आणि त्याने दार लावलं. जोरात नाही, हळूच. त्याला असं दार लावताना मी पहिल्यांदाच बघितलं. मी त्याच्या जखमेवर बोट ठेवलं असणार. परत विषय काढणार नाही.

२५ ऑगस्ट

पहिला दिवस. सगळं सविस्तर लिहायचं आहे, नाहीतर उद्या मीच ते वेगळं आठवेन.

टॅकेट आला नाही. दुकानात माल येणार आहे म्हणाला. फाटकापाशी उभा राहून त्याने गाडीच्या टपावर थाप मारली, ट्रक निघताना मारायचो तशी.

मी वेळेच्या आधी पोचले. दाराच्या समोरच जागा मिळाली. मग मी रेडिओ लावला. गाणं संपलं की उतरायचं ठरवलं. संपलं. दुसरं लागलं, ते वाईट होतं, तरी ऐकलं. पोरं आत जात होती, दार उघडत होतं, लागत होतं. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि ते निघेनात. हात ओले झाले होते. वर्ग सुरू व्हायची वेळ झाली, टळली. मी स्वतःला सांगत होते की आज पहिलाच दिवस, काही शिकवत नाहीत, उद्या येऊ. किल्ली फिरवणारच होते.

काचेवर कोणीतरी बोट वाजवलं. मार्व्हा उभी होती, हातात कॉफीचे दोन कप. मी दार उघडायच्या आत ती वळसा घालून आली आणि उजवीकडच्या सीटवर बसली. सीट कुरकुरली. ती मला चल म्हणाली नाही. जहाजावर बटाटे सोलायचं यंत्र बिघडलं तेव्हाची गोष्ट सांगत बसली, लांबलचक, आणि मध्येच म्हणाली, "कॉफी पी, गार होतेय."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"टॅकेट दर आठवड्याला फोन करतो मला. मे महिन्यापासून. आज सकाळी परत केला होता. म्हणाला, घाई करू नका, दार तिचं तिला उघडू द्या."

मी म्हटलं, "तो स्वतःबद्दल विचारत होता. गाडीतून न उतरणारा माणूस म्हणजे..."

मार्व्हा कॉफी पीत राहिली.

मग मला एकेक आठवायला लागलं. दूध कोण आणतं ते. दवाखान्यात माझ्या आधी आत जाऊन खुर्ची कोण बघतं ते. कॉलेजच्या दारात माझं दार उघडून कोण उभं राहतं ते. मी त्याला सांभाळते असं वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले. दवाखान्यातल्या बाईंनासुद्धा सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्याची कीव करत होते मी. त्याने कीव करू दिली, कारण त्या निमित्ताने मी घराबाहेर पडत होते. मला इतकी लाज वाटली की त्या लाजेनेच उतरले. गाडीत बसवेना.

भिंतीजवळची खुर्ची धरून ठेवलेली होती, तिच्यावर मार्व्हाची शाल होती. शिकवणारी बाई बरी आहे. मी पूर्ण तास बसले, दुसरासुद्धा बसले.

घरी येऊन थेट गॅरेजच्या जिन्याने वर गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं. खोली रिकामी होती. पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली, कोपरे एकसारखे.

आई खाली उभी होती. "त्याचा मेव्हणा आला होता केंटकीहून, पिकअप घेऊन. सकाळपासून बसून होते दोघं स्वयंपाकघरात. कॉलेजातून त्या बाईंचा फोन आला, ती आत गेली म्हणून. तेव्हा निघाले."

"तू थांबवलं नाहीस?"

"थांबवलं की. म्हणाला, मिसेस सोबचाक, माझं इथलं काम झालं."

ते ऐकून मला सगळ्यांत आधी काय वाटलं ते लिहिते. हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आता जिन्यावर त्याचे पाय वाजणार नाहीत, आता त्याच्या तोंडाकडे बघून काही ठरवावं लागणार नाही. मग मी जिन्यावरच बसले, आणि आईने मला जेवायला हाक मारली नाही.

८ सप्टेंबर

तो फोन उचलत नाही. मी रोज कॉलेजला जाते. गाडीत बसते थोडा वेळ, मग उतरते. मार्व्हा खिडकीतून बघते, आता बाहेर येत नाही.

आज हाताच्या हाडांचे फोटो कसे घ्यायचे ते शिकवलं. बाई म्हणाल्या, फोटोत दिसलं नाही म्हणजे लागलं नाही असं समजू नका. माझं लिहिणं तिथेच थांबलं. त्याच्या पाठीचा फोटो कोणी काढलाच नव्हता. मी त्याला कधी विचारलंही नाही, आता दुखते का म्हणून. एवढं एकत्र राहून एकदाही नाही.

१९ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत त्याच्या बहिणीचा नंबर शोधून फोन केला. कोरिन तिचं नाव. मी कधी भेटलेली नाही, पण तिला माझं सगळं माहीत होतं. पाय कसा आहे, विचारलं.

"लेलंड आहे का?" मी म्हटलं.

"आहे म्हणजे, अंगणात आहे," ती म्हणाली. "पिकअपमध्ये बसलाय सकाळपासून. लाकडाच्या वखारीत काम मिळालं होतं, त्यासाठी म्हणून रोज निघतो, आणि गाडीत जाऊन बसतो. माझ्या नवऱ्याला गाडी सुरूच करू देत नाही; ह्यांनी दोन दिवस वाट बघितली, मग दुसऱ्याच्या गाडीने कामावर जायला लागले. जेवायला ये म्हटलं की येतो म्हणतो, पण येत नाही. आला तेव्हा बरा होता गं. उलट छान होता. म्हणाला, एक मोठं काम हातावेगळं करून आलोय."

"गोळ्या?"

"नाही. मी खिसे बघते त्याचे. नुसता बसतो. काय बोलावं तेच कळत नाही मला. आमची आई असती तर काहीतरी बोलली असती."

मी भिंतीला टेकले. कॉरिडॉरमधून पोरं जात होती, पुढचा तास सुरू होत होता. इथून केंटकी म्हणजे अर्ध्या दिवसाचा रस्ता. उद्या शनिवार आहे, मी पहाटे निघेन, जेवायच्या वेळेपर्यंत पोचेन. पण आज तो तिथे एकटा बसलेला आहे, आणि आईचं म्हणणं खरं होतं तसं माझंही, एकटा पडला तर तो बसून राहील हे, थोडं खरं होतं, आणि ते खरं ठरल्याचा मला काडीचाही आनंद नव्हता.

"कोरिन," मी म्हटलं, "बोलू नकोस काही. चल म्हणू नकोस. कॉफी असेल तर दोन कप घे आणि त्याच्या शेजारी जाऊन बस."

"आणि मग?"

"मग काही नाही. बसून राहा. मागे ओरडतायत त्या कोंबड्यांचं वगैरे सांग काहीतरी."

"फोन ठेवू?"

"नको. असू दे तसाच."

तिने फोन कुठेतरी खाली ठेवला. कपांचा आवाज आला, मग जाळीच्या दाराचा. मग बराच वेळ नुसती एक कोंबडी ओरडत होती. मग लांबून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि लागल्याचा. मी कान घट्ट लावून उभी होते. दार पुन्हा उघडलं नाही. वर्गाचं दार लागलं, बाईंनी काचेतून माझ्याकडे बघितलं, मी त्यांना हाताने थांबा म्हटलं.